पान लागण्याआधी

आमच्याकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर’ म्हणायचं, ‘लांबडं’ म्हणायचं. कुणाला चावलाच तर ‘साप चावला’ असं तोंडातून काढायचं नाही, ‘पान लागलं’ म्हणायचं. पंचवीसेक वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका रात्री शेजारच्या आळीतल्या नऊ वर्षांच्या मुलाला असंच पान लागलं. घरात सगळे जमिनीवर वाकळ अंथरून झोपलेले. मध्यरात्र उलटून गेल्यावर पोर उठलं आणि पोट दुखतंय म्हणून रडायला लागलं. आईनं ओवा दिला, पोटाला एरंडेल चोळलं. अंगावर कुठे जखम नव्हती, सूज नव्हती, त्यामुळे सापाची शंकाही कुणाच्या मनात आली नाही. तासाभरानं त्याच्या पापण्या उचलेनाशा झाल्या. घरच्यांना वाटलं, गुंगी येतेय म्हणजे दुखणं थांबलं. उजाडायच्या आत तो गेला. अंथरूण झाडताना भिंतीच्या कडेला मण्यार निघाली.

तिला लोकांनी मारलं. पण राग तेवढ्यावर शमला नाही. त्याच दुपारी विहिरीच्या काठावर एक धामण दिसली आणि पंधरा-वीस जणांनी काठ्यादगडांनी तिचा चेंदामेंदा केला. मी त्या घोळक्यात होतो, दगड मीही मारला. धामणीला विष नसतं. ती दिवसाउजेडी हिंडते आणि उंदरांवर जगते. मण्यार रात्री बाहेर पडते आणि उंदीर, पाली, प्रसंगी दुसरे सापही खाते. एकीचा सूड दुसरीवर उगवून त्या दुपारी गावाला काहीतरी केल्यासारखं वाटलं. आणि त्या रात्री गावातली सगळी पोरं पुन्हा जमिनीवरच झोपली.

त्या दुपारचा दगड आणि त्या रात्रीची अंथरुणं यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. साप मारला की संकट निवारल्यासारखं वाटतं, आणि खाट, उजेड, पायात बूट, जवळच्या दवाखान्यात प्रतिविष या ज्या गोष्टींनी माणूस खरोखर वाचतो त्या मागायच्या राहून जातात. सापाशी माणुसकीनं वागा असं मी म्हणतो तेव्हा माणसाच्या जिवाची किंमत कमी करून म्हणत नाही. ज्या व्यवस्थेत साप मारावा लागत नाही, त्याच व्यवस्थेत माणूसही मरत नाही. या दोन मागण्या वेगळ्या आहेत असं मानल्यामुळेच आपण दोन्हीकडे हरत आलो आहोत.

किती हरलो, त्याचा हिशोब उपलब्ध आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि पाव हिश्शाहून जास्त १५ वर्षांखालच्या मुलांचे. मेलेले बहुतेक सगळे खेड्यापाड्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. ‘दुर्लक्षित’ हा शब्द त्या यादीत शास्त्रीय अर्थानं आहे. आमच्या आळीत त्याला दुसरा अर्थ लावायची गरज पडली नसती.

शहरातल्या प्राणिप्रेमी मित्रांशी माझं इथेच वाजतं. साप हा शेतकऱ्याचा मित्र, साप आपणहून चावत नाही, साप निसर्गाचा घटक. सगळं खरं. पण हे ज्याला ऐकवायचं तो माणूस रात्री दोन वाजता गुडघाभर गवतातून अनवाणी चाललेला असतो. त्याला ‘मित्र’ हा शब्द ऐकवून भागत नाही. सापाबद्दलची करुणा त्या माणसाच्या पायापासून सुरू झाली नाही तर ती अर्धीच राहते, आणि तो ती स्वीकारणारही नाही. का स्वीकारावी?

म्हणून आधी त्या पायांबद्दल. शेतीपंपाची थ्री फेज वीज आपल्याकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जातो. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मिणमिणती बॅटरी, तीही बारं फोडताना बांधावर ठेवावी लागते. पाणी सरीत शिरलं की उंदरांची बिळं भरतात, उंदीर बाहेर पडतात, त्यांच्यामागे नाग आणि घोणस. ज्या वेळी साप जागा आणि भुकेला असतो नेमक्या त्याच वेळी आपण माणसाला अंधारात, ओल्या रानात, उघड्या पायांनी उभं करतो. दिवसा विजेसाठी शेतकऱ्यांनी किती आंदोलनं केली! त्या आंदोलनांच्या बातम्यांत पिकाचं, पाण्याचं, बिलाचं बोलणं असतं. सापाचं नाव क्वचितच येतं. खरं तर सर्पदंशावरचा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा प्रतिबंधक उपाय महावितरणच्या वेळापत्रकात आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि दिवसा वीज हेच तिचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. ज्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर, ती खरंच पोचली तिथल्या बायकांना विचारा. नवरा रात्री रानात नाही म्हणजे काय, ते त्या सांगतील. ही योजना ऊर्जा खात्याची म्हणून मोजली जाते. ती आरोग्य खात्याचीही आहे आणि वनखात्याचीही.

ऊसतोड मजुरांची गोष्ट याहून वाईट. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि चार-पाच महिने फडाच्या कडेला कोप्यांत राहतात. कोपी म्हणजे बांबू-पाचटाचा आडोसा, खाली माती. पहाटे अंधारातच तोडणी सुरू होते, गाडी भरायची वेळ कधी मध्यरात्रीही येते. उसाचा फड म्हणजे उंदरांचं कोठार, म्हणून घोणशीचंही. तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके वाळल्या पाचटात असे मिसळून जातात की सरावलेल्या नजरेलाही ती हातभरावर दिसत नाही. थंडीचे महिने तर तिच्या मीलनाचा काळ, म्हणजे हालचाल वाढलेली. देशात ओळख पटलेल्या विषारी दंशांत घोणशीचे दंश सर्वांत जास्त भरले, हे वर सांगितलेल्या २०२० च्या अभ्यासातलं. त्या कोपीत आईशेजारी झोपलेल्या लेकराला जमिनीपासून दीड हात उंच झोपायला जागा देणं, टोळीतल्या प्रत्येकाला गमबूट देणं, हे कारखान्याच्या उलाढालीत किती मोठं काम आहे? गमबुटाचा जोड एक-दोन दिवसांच्या हजेरीत येतो. मच्छरदाणी त्याहून स्वस्त. नीट खोचलेली मच्छरदाणी डासांइतकीच मण्यारीलाही आत येऊ देत नाही.

घरची कामं तर फुकटातली आहेत, पण ती सहसा बायकांच्या वाट्याला येतात आणि दंशही त्यांच्याच हाताला होतो. सरपणाचा ढीग भिंतीला टेकून, शेण्या न्हाणीच्या मागे, कडब्याची गंज गोठ्याला चिकटून, धान्याची पोती जमिनीवर. उंदीर येतो धान्याला, साप येतो उंदराला, आणि पहाटे चुलीसाठी काटकी ओढणारा हात दोघांच्या मध्ये येतो. सरपण अंगणाच्या कडेला, फळीवर उचलून रचलं आणि हात घालण्याआधी काठीनं हलवलं, तर निम्मं काम झालं. भिंतीची, उंबऱ्याची भोकं बुजवली की उरलेलं. केरळात वायनाड जिल्ह्यात २०१९ साली एका शाळेच्या वर्गातच दहा वर्षांच्या मुलीला साप चावला. फरशीत भोक होतं, त्यात तिचा पाय गेला. तिला दवाखान्यात न्यायला उशीर झाला आणि ती गेली. त्या भोकाला मूठभर सिमेंट पुरलं असतं.

आता सापाकडे येतो. भारतात सापांच्या ३०० हून अधिक जाती आहेत, विषारी त्यातल्या साठेक. पण महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर बेततं ते मुख्यतः चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. यातल्या तिघांची एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते. ते आधी सांगतात. नाग फणा काढून उभा राहतो. घोणस कुकरची शिट्टी व्हावी तशी फुत्कारते, ती पंधरा-वीस फुटांवरूनही ऐकू येते. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. मारायची इच्छा असलेला प्राणी असा आगाऊ आवाज देईल का? विष हे त्याच्या शिकारीचं हत्यार आहे. माणूस त्याला गिळता येत नाही, म्हणून माणसावर विष खर्चणं त्याच्या सोयीचं नाही, आणि कितीतरी वेळा तो कोरडा चावतो, विष सोडतच नाही. मण्यार मात्र इशारा देत नाही आणि तिचा दंश दुखतही नाही. म्हणून तिच्यापासून बचाव अंथरुणाच्या उंचीनं करायचा, काठीनं नव्हे.

काठीबद्दल आणखी एक सांगायला हवं. साप मारायला गेलेल्या माणसाला साप चावतो. पकडायला गेलेल्याला तर हमखास. पाच-सहा फुटांवर थांबलेल्या माणसाला नाग काही करू शकत नाही, पण काठीचा टप्पा त्याहून जवळचा असतो. मेलेल्या, अगदी तुटलेल्या डोक्यानंही दंश होऊ शकतो, कारण स्नायूंची ती क्रिया काही काळ टिकते.

सगळे साप मारून टाकले तर? हा प्रयोग आपल्याच मातीत होऊन गेला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारनं रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांच्या मुंडक्यांवर बक्षीस लावलं. लोकांनी लाखांनी फुरशी मारून आणली. आज देवगड-रत्नागिरीच्या कातळांवर आंब्याच्या बागेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, फुरसं गेलं का. तिजोरीतून पैसे गेले, फुरसं आहे तिथेच आहे. आणि जिथे साप खरोखर कमी होतात तिथे उंदीर वाढतात, मग त्यांच्यासाठी विषाच्या गोळ्या, मग त्या गोळ्यांनी मेलेला उंदीर खाऊन घुबड, मांजर, धामण मरते. धामण वर्षभर फुकट राखण करते ती आपण सगळ्यात आधी मारतो, कारण ती मोठी, दिवसा दिसणारी आणि पळणारी असते.

तिच्याविषयीच्या कथा तरी किती. ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, तिच्या शेपटीत विष असतं. नाग तर डूख धरतो, मारेकऱ्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांत उमटतो, जोडीदार शोधत येतो. सापाला तेवढी स्मरणशक्ती नाही आणि सूड ही कल्पनाही नाही. तो दूध पचवू शकत नाही. नागपंचमीला गारुड्याच्या टोपलीतला नाग दूध प्यायचा तो अनेक दिवस तहानलेला ठेवल्यामुळे. त्याचे दात उपटलेले, कधी तोंड शिवलेलं. त्या दुधानं तो पुढच्या काही दिवसांत मरायचा. आपण हात जोडून त्याला मारत होतो.

नागपंचमीचा खरा विचार मला दुसरीकडेच दिसतो. कहाणी आठवा. शेतकऱ्याच्या नांगरानं नागिणीची पिल्लं नकळत मरतात आणि तिथून अनर्थ सुरू होतो. म्हणून त्या दिवशी नांगर धरायचा नाही, खणायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. ज्या कुणी हा नेम घातला त्यांना ठाऊक होतं की श्रावणात जमिनीत कोण राहतं. घोणशीची पिल्लं पावसाळ्याच्या तोंडी बाहेर पडतात, अंड्यांतून नाही तर सरळ आईच्या पोटातून, एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. वारुळात पाणी शिरून नाग वर येतात. वर्षातला सगळ्यात धोक्याचा महिना आहे तो, दोन्ही बाजूंना. आणि आपल्या पूर्वजांनी त्या महिन्यातला एक दिवस हत्यार खाली ठेवण्यासाठी राखला. दूध-लाह्यांपेक्षा ही आठवण मला जास्त मोलाची वाटते.

बत्तीस शिराळ्याबद्दल बोलणं टाळता येत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या नागपंचमीला जिवंत नाग पकडून मिरवणूक निघायची, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती थांबली. शिराळकरांना हे लागलं, आणि त्यांचं दुःख मी समजू शकतो. नाग मारणारं ते गाव नव्हे. वारूळ ओळखणारी, नाग न दुखवता बाहेर काढणारी आणि सणानंतर परत रानात सोडणारी माणसं तिथे होती, अजून आहेत. तरीही हजारोंच्या गर्दीत, ढोल-ताशांच्या दणक्यात नागाला हाताळणं हा त्याच्यावर अत्याचारच आहे, आणि म्हणून बंदी योग्य आहे असं मला वाटतं. पण त्या माणसांच्या हातातलं ज्ञान बंदीबरोबर पुरून टाकणं योग्य नाही. त्यांनाच सन्मानानं बोलावून गावोगावच्या शाळांत नाग ओळखायला का शिकवू नये, नागाला हात न लावता?

कायदा म्हणाल तर स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं नाग, घोणस, धामण, अजगर यांना संरक्षण आहे. त्यांना मारणं, पकडणं, बाळगणं, खेळ करणं गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात हेही आहे की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌हेतूनं प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. ‘उद्या तुमच्या पोरावर आला तर?’ असं मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे कलम सांगतो. पाळण्यात नाग शिरला तर कुणी कायदा चाळत बसावं असं कायद्यालाही वाटत नाही. माझं बोलणं विहिरीवरच्या धामणीबद्दल आहे. तिथे कुणाचा जीव धोक्यात नव्हता.

आता सर्पमित्रांविषयी, आणि हे जरा जपून. आपल्याकडे गावोगावी सर्पमित्र आहेत. रात्री-अपरात्री, स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून, कसलाही विमा नसताना जाणारी ही पोरं आहेत, त्यांच्यामुळे लाखो साप वाचले. त्यांचे उपकार मानूनच पुढचं म्हणतो. मोबाइल आल्यापासून काही जणांनी सापाचा खेळ मांडला आहे. नागाच्या फण्याचं चुंबन, गळ्यात घोणस, शेपूट धरून लोंबता नाग आणि समोर टाळ्या. दर पावसाळ्यात अशा खेळात कुणीतरी तरुण जातो. बघणाऱ्या शंभर पोरांपैकी दहांना वाटतं, आपल्यालाही जमेल. शेपटीला धरून लोंबवल्यानं सापाच्या मणक्याला इजा होते, हे व्हिडिओत दिसत नाही. चांगल्या सर्पमित्राची खूण मला सोपी वाटते: त्याचा हात सापाला लागत नाही. आकडी, पाइप आणि पिशवी, साप अंधारा आडोसा शोधत आपणहून पिशवीत जातो, पाच मिनिटांत काम संपतं आणि बघण्यासारखं काहीच घडत नाही. केरळच्या वनखात्यानं २०२० पासून हीच पद्धत शिकवून, परीक्षा घेऊन, प्रमाणपत्र देऊन स्वयंसेवक नेमले आणि ‘सर्पा’ नावाच्या अ‍ॅपवरून लोकांना त्यांच्याशी जोडलं. प्रमाणपत्राशिवाय साप पकडायला तिथे मुभा नाही. महाराष्ट्रात सर्पमित्र केरळपेक्षा जुने आणि संख्येनंही थोडेथोडके नाहीत. त्यांना प्रशिक्षण, ओळखपत्र, विमा आणि शिस्त हे चारही एकदम मिळायला हवं. नुसता विमा दिला आणि चुंबनं चालूच राहिली, तर त्याचा उपयोग नाही.

आणि प्रत्येक साप पकडायलाच हवा असंही नाही. अंगणातली धामण, विहिरीतला दिवड, कुंडीमागचा कवड्या, तिघंही बिनविषारी. कवड्या तर मण्यारीसारखा दिसतो म्हणून मरतो बिचारा. साप घराबाहेर असेल तर पोरंबाळं आणि कुत्रं आत घ्या आणि त्याला वाट द्या, तो जाईल. पकडून दहा-वीस किलोमीटरवरच्या डोंगरात सोडणं ही दया वाटते, पण त्याला त्याच्या रानातली बिळं, पाणी, शिकार माहीत असते, नव्या जागेत काहीच नाही. कर्नाटकात आगुंब्याच्या जंगलात नागराजांना, म्हणजे किंग कोब्रांना, ट्रान्समीटर बसवून पाहिलं तेव्हा दूर नेऊन सोडलेला नागराज कितीतरी जास्त भटकताना आढळला. भटकणारा साप रस्ते ओलांडतो, घरांत शिरतो, मरतो किंवा चावतो. साप घरात असेल तर मात्र हात न लावता खोलीचं दार लावून घ्या, फटीत कापड कोंबा, एकानं लांबून लक्ष ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या जाणत्या सर्पमित्राला फोन करा. फिनेल, रॉकेल, अ‍ॅसिड ओतू नका. त्यानं सापाची कातडी भाजते, तो सैरावैरा होतो आणि धोका वाढतो. बागेभोवतीची नायलॉनची जाळी जमिनीपासून वीतभर उचलून बांधा. तिच्यात अडकलेला साप कापला जाऊन दोन-दोन दिवस तडफडतो.

इतकं करूनही पान लागतंच. मग काय, हे सगळ्यांना पाठ हवं. हलू नका, हलू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, सुजेत ती रुततात. चावलेला हात-पाय मोडल्यासारखा फळी लावून स्थिर ठेवा. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडानं चोखू नका. साप शोधण्यात वेळ घालवू नका, मारून दवाखान्यात तर मुळीच आणू नका. आपल्याकडचं प्रतिविष चारही सापांवर एकच आहे. १०८ ला फोन करा किंवा मोटरसायकलवर मध्ये बसवून निघा.

देवळात नेऊ नका. हे लिहिताना मला मांत्रिकाची चेष्टा करायची नाही. त्याची कीर्ती का होते ते समजून घ्यायला हवं. दहा जणांना साप चावला तर त्यातल्या बऱ्याच जणांना बिनविषारी चावलेला असतो, काहींना कोरडा. ते सगळे लिंबाचा पाला चघळून, अंगारा लावून बरे होतात आणि उपकार मांत्रिकाचे मानतात. उरलेले मरतात, त्यांच्याबद्दल ‘आणायला उशीर केला’ असं म्हटलं जातं. रात्री दोनला मांत्रिक दार उघडतो. आरोग्य केंद्राचं दारही तसंच उघडत असेल, तर लोक तिकडे जातील.

आणि तिथे काय हवं, हेही लोकांनी जाणून घेतलं पाहिजे. काचेची स्वच्छ, कोरडी परीक्षानळी हवी. रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त त्यात घालून वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय. इतकी साधी तपासणी, पण नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. प्रतिविषाच्या सुरुवातीला दहा तरी कुप्या हव्यात, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकीच मात्रा लागते, कारण सापानं विष माणूस मोजून सोडलेलं नसतं. अ‍ॅलर्जी आली तर अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी हवं. या अ‍ॅलर्जीच्या भीतीनं कितीतरी ठिकाणी पहिली कुपीही न फोडता रुग्णाला ‘पुढे न्या’ म्हणतात आणि तो वाटेत जातो. मण्यारीच्या रुग्णाला श्वासाला आधार हवा, व्हेंटिलेटर नसेल तर हातानं दाबायची पिशवी तरी. पापणी उचलत नाही म्हणून तो बेशुद्ध आहे असं समजू नका. बऱ्याचदा त्याला सगळं ऐकू येत असतं. श्वास चालू ठेवला तर तो परत येतो.

हे होऊ शकतं याचे पुरावे महाराष्ट्रातच आहेत. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंशावर उभं आयुष्य घालवलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जुन्नर तालुक्यात नारायणगावला डॉ. सदानंद राऊत अनेक वर्षं सर्पदंशाचे रुग्ण वाचवताहेत आणि इतर डॉक्टरांना शिकवताहेत. दोघंही मोठ्या शहरातले नाहीत. आणि ते जे औषध देतात ते येतं कुठून? चेन्नईजवळ इरुला आदिवासींची १९७८ पासूनची सहकारी संस्था आहे. ते साप पकडतात, काही आठवडे ठेवून विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि पुन्हा रानात सोडतात. ते विष थोडं थोडं घोड्यांना टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष बनतं. परळच्या हाफकिन संस्थेनं हे काम फार पूर्वीपासून केलं आहे. जिवंत साप नसेल तर औषधही नाही. तमिळनाडूतल्या घोणशीचं विष आणि दुसऱ्या प्रदेशातल्या घोणशीचं विष सारखं नसतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं आहे. म्हणजे आपल्या उसातली घोणस आपल्याला जिवंतच हवी आहे, तिच्या विषावर उतरणारं औषध बनवण्यासाठी.

केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. कर्नाटकानं त्याच वर्षी सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. मोजणी झाली की प्रतिविष कुठे किती लागतं ते कळतं. इथे एक खटकणारी गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात, पण वहितीधारक शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो दुसऱ्याच्या रानात रात्रीचं पाणी पाजणारा शेतमजूर या योजनेत बसत नाही. सापाला सातबारा दिसत नाही, पाय दिसतो.

गेल्या महिन्यात आमच्या त्याच विहिरीवर पुन्हा एक धामण दिसली. पिवळी, चांगली सात फुटी. दोन पोरं काठी घेऊन धावली. मी त्यांना हाताला धरून थांबवलं आणि आम्ही तिघं दहा पावलांवर उभे राहून बघत राहिलो. ती दगडांवरून सावकाश उतरली, एकदा मान उचलून आमच्याकडे वळली आणि घाणेरीच्या जाळीत शिरली. मोठ्या पोरानं विचारलं, हिच्या शेपटीत विष असतं ना? नसतं, म्हणालो. मग त्याला त्या मुलाची गोष्ट सांगितली, मण्यारीची, आणि तू कशावर झोपतोस ते विचारलं. खाली, म्हणाला. संध्याकाळी त्याच्या बापाला गाठून माळ्यावर पडलेली जुनी लोखंडी खाट खाली उतरवली. तिच्या दोन पट्ट्या तुटल्या होत्या, त्या सुतळीनं विणल्या. बापाला तेवढ्यात निघायचं होतं. या आठवड्यात आमच्या फीडरला वीज रात्री आहे.